मौजेसाठी, एकटीने

(करकंब, ता. पंढरपूर येथे बचत गटांच्या महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला इथे बोलायला सांगितलं होतं ते दिव्यांग महिलांसाठीच्या सरकारी योजनांवर. पेन्शन, ओळखपत्र, एस.टी.ची सवलत. या विषयावर मी वर्षातून दहा वेळा तरी बोलते. तुमच्यापैकी निम्म्याजणींना ते पाठ झालं असेल. म्हणून आज संयोजक ताईंची परवानगी घेऊन मी विषय बदलला आहे. आज मी सहलीबद्दल बोलणार आहे. माझ्या स्वतःच्या सहलीबद्दल.

कार्तिकी वारी आटोपली, गाड्यांची गर्दी ओसरली की मी तीन दिवस खोपोलीजवळच्या इमॅजिका या मनोरंजन उद्यानात जाणार आहे. मोठाले पाळणे, अंधारातून धावणाऱ्या गाड्या, पाण्यात आपटणाऱ्या होड्या असं सगळं तिथं आहे. रायगड जिल्ह्यातल्या खालापूर तालुक्यात, खोपोली-पाली रस्त्यावर २०१३ साली ते सुरू झालं. मी चाकाच्या खुर्चीवर जाणार आहे, कारण गेली चौदा वर्षं मी त्याच खुर्चीवर आहे. आणि मी एकटी जाणार आहे.

हे मी ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांनी मला तीन प्रश्न विचारले. कशाला? कुणासोबत? आणि कशी? हे प्रश्न मला विचारलेले असले तरी ते फक्त माझे नाहीत. म्हणून एकेक करून ते तुमच्यासमोर ठेवते.

पहिला प्रश्न, कशाला?

आईने विचारलं, "तुला तिथं काय करायचंय? पाळण्यात बसायचं वय हाय का आता?" शेजारच्या काकू म्हणाल्या, "जायचंच तर अक्कलकोटला जा, तुळजापूरला जा, आम्ही नेतो की." त्या मनापासून म्हणाल्या आणि त्यांनी खरोखर नेलंही असतं. पण या बोलण्यात एक गोष्ट दडलेली आहे. बाईने घराबाहेर पडायचं तर कारण लागतं. दवाखाना, माहेर, लग्नकार्य, बाजार किंवा देव. आपलं गाव तर पंढरीच्या उंबऱ्यावर. डोक्यावर तुळस घेऊन दोन-तीन आठवडे चालत येणाऱ्या बायका आपण दरवर्षी बघतो. त्यांना कुणी कशाला म्हणून विचारत नाही. त्या वारीबद्दल मला आदर आहे. सासुरवाशिणीला शेकडो वर्षं मोकळा श्वास घ्यायला मिळालेली तीच एक वाट होती, हेही मला ठाऊक आहे. पण देवाचं नाव न घेता, निव्वळ मौज म्हणून बाई निघाली की लगेच प्रश्न उभा राहतो.

शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ साली मुंबईतल्या बायकांविषयी एक इंग्रजी पुस्तक लिहिलं. 'व्हाय लॉयटर?' म्हणजे 'का रेंगाळावं?' असं त्याचं नाव. त्यांचं म्हणणं असं, की बायकांना कामासाठी बाहेर पडायची मुभा हळूहळू मिळते, पण काही काम नसताना नुसतं रमतगमत फिरण्याचा हक्क मिळत नाही. आणि तो हक्क मिळत नाही तोवर रस्ता बायकांचा झाला असं म्हणता येत नाही. मुंबईच्या बायकांची ही गत, तर करकंबच्या बाईने काय म्हणावं? आणि करकंबच्या अपंग बाईने?

आमच्या वाट्याला बाहेर पडायची दोनच कारणं येतात. एक दवाखाना आणि दुसरं शिबिर. शिबिरात तीनचाकी सायकल मिळते, हार मिळतो, फोटो निघतो. ती सायकल घेऊन पुढे जायचं कुठं, हे कुणी विचारत नाही. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती मोजल्या गेल्या. त्यांत १ कोटी १८ लाख बायका होत्या. आपल्या महाराष्ट्रात एकूण संख्या २९ लाखांहून जास्त होती. एवढी माणसं असून उसाच्या रसाच्या गाड्यावर, जत्रेतल्या पाळण्यापाशी, सिनेमाच्या रांगेत आपल्याला त्या किती वेळा दिसतात?

माझं आणखी एक सांगते. मी शाळेत होते तेव्हा मुंबईला गोराईच्या एस्सेलवर्ल्डची सहल निघाली होती. त्या वेळी मी दोन पायांवर चालत होते, पळत होते. पण मुक्कामाची सहल म्हणून आमच्या वर्गातल्या बहुतेक मुलींना घरच्यांनी पाठवलं नाही, मलाही नाही. मुलगे गेले आणि महिनाभर त्याच गप्पा मारत राहिले. १९८९ साली सुरू झालेलं ते एस्सेलवर्ल्ड २०२२ साली बंद पडलं. तिथं जायचं माझं राहिलं ते राहिलंच. तेव्हा अपंगत्व आडवं आलेलं नव्हतं, मुलगी असणं आडवं आलं होतं. आता दोन्ही मिळून आडवी येतात. कशाला, या प्रश्नाचं माझं उत्तर एवढंच आहे, की मला वेगाने जाताना पोटात गोळा येतो तो पुन्हा अनुभवायचा आहे. कुणाला याहून मोठं कारण हवं असेल तर ते माझ्याकडे नाही.

दुसरा प्रश्न, कुणासोबत?

इथे मला सवलतीविषयी बोलावंच लागेल. रेल्वेत अपंगांना तिकिटात सवलत मिळते. साध्या शयनयान डब्यासाठी ती ७५ टक्के आहे. चांगली गोष्ट आहे. पण माझ्यासारखीला ती मिळते ती कोणत्या शब्दांत? 'सोबतीशिवाय प्रवास करू न शकणारी अस्थिव्यंग व्यक्ती' या वर्गात. डॉक्टरांच्या दाखल्यात तेच लिहिलेलं असतं. म्हणजे मी एकटी जाऊ शकते असं म्हटलं तर सवलतीच्या व्याख्येत बसत नाही, आणि सवलत घेतली तर एकटी जाऊ शकत नाही असं कागदावर कबूल करते. सोबत्याला सवलत मिळते याला माझा विरोध नाही. अनेकींना सोबत लागते आणि ती मिळायलाच हवी. पण गरज पाहून सोबत देणं वेगळं आणि सोबत नसेल तर तू प्रवासीच नाहीस असं गृहीत धरणं वेगळं.

सोबतीचा अर्थ घरात काय होतो तेही बघू. सोबत म्हणजे भाऊ. भावाला सुट्टी मिळेल तेव्हा जायचं, त्याला पटेल तिथं जायचं, तो दमला की परतायचं. त्याने आपल्यासाठी एवढं केलं म्हणून वर्षभर मान खाली घालायची. माझा भाऊ चांगला आहे, तो हे बोलून दाखवणार नाही. पण माझी सहल त्याची रजा होऊन बसते. बायकांनो, नवऱ्याच्या मागून चालताना तुम्हाला जे वाटतं तेच हे. फरक एवढाच, की माझ्या खुर्चीच्या मुठी त्याच्या हातात असतात. मागून ढकलणारा माणूस ठरवतो की आता थांबायचं की जायचं.

एकटीने जायचं म्हणजे कुणाची मदत घ्यायचीच नाही असं नव्हे. मी मदत घेणार आहे, पदोपदी घेणार आहे. गाडीवाल्याची, हॉटेलातल्या बाईची, फाटकावरच्या माणसाची. पण कोणती मदत, कुणाकडून, कशी घ्यायची हे मी सांगणार. हा फरक किती महत्त्वाचा आहे ते विराली मोदी या मुंबईच्या तरुणीने देशाला दाखवून दिलं. ती व्हीलचेअर वापरते. रेल्वेच्या डब्यात उचलून चढवताना हमालांनी नको तिथे हात लावले, हे तिने जाहीरपणे सांगितलं आणि २०१७ साली रेल्वे अपंगांना चढता येईल अशी करा म्हणून सह्यांची मोहीम चालवली. याच विरालीला २०२३ मध्ये स्वतःच्या लग्नाच्या नोंदणीसाठी मुंबईतल्या खार इथल्या कार्यालयात दोन मजले उचलून न्यावं लागलं, कारण तिथं लिफ्ट नव्हती. चढायला उतार नसला की बाईचं शरीर दुसऱ्याच्या हातात जातं. म्हणून रॅम्प हा आमच्या दृष्टीने नुसता बांधकामाचा विषय नाही. आपण ज्या स्त्री-अत्याचाराविरुद्ध मोर्चे काढतो, त्याच्याशी तो थेट जोडलेला आहे.

तिसरा प्रश्न, कशी? मला आवडणारा प्रश्न हाच, कारण याची उत्तरं शोधता येतात.

आधी प्रवास. साध्या डब्यात खुर्ची दारापर्यंत पोचली तरी आतल्या वाटेतून जात नाही आणि संडासापर्यंत तर नाहीच. म्हणून मी २०२३ साली सुरू झालेली सोलापूर-मुंबई वंदे भारत निवडली. ती कुर्डुवाडीला थांबते. तिच्यात चाकाच्या खुर्चीला जागा आहे आणि आत वळता येईल असं मोठं स्वच्छतागृह आहे. तिकीट महाग पडतं, पण पुण्यापर्यंत पाणी पिऊन जाता येतं. हसू नका. प्रवासात बाई पाणी का पीत नाही हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. माझ्यासारख्या कण्याला इजा झालेल्या बाईला लघवी ठरावीक वेळाने नळीने काढावी लागते. त्यासाठी स्वच्छ जागा लागते. ती मिळणार नाही म्हणून पाणी तोडलं की जंतुसंसर्ग होतो, ताप येतो, कधी मूत्रपिंडापर्यंत जातं. सहलीची आखणी मी घड्याळ आणि संडास समोर ठेवून करते ती याच कारणाने.

पुण्यापासून पुढे भाड्याची मोटार. इथे दोन गोष्टी लक्षात ठेवा. जीपसारखी उंच गाडी नको, तिच्या आसनावर सरकता येत नाही. आणि बुकिंग करताना विचारायचं, की मागच्या डिकीत गॅसची टाकी आहे का? असेल तर घडी केलेली खुर्चीसुद्धा मावत नाही. खर्चाचा हिशेब केला तेव्हा कळलं, की उद्यानाच्या तिकिटापेक्षा या गाडीचं भाडं जास्त आहे. धडधाकट बाई एस.टी.ने, लोकलने गेली असती. महिलांना एस.टी.त २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, पण बसच्या पायऱ्या अर्ध्या झालेल्या नाहीत. अपंगत्वाचा हा जादा कर कोणत्याच पावतीवर दिसत नाही. माझ्या पगारातून तो साठवायला मला पंधरा महिने लागले.

मग मुक्काम. मी तीन ठिकाणी फोन केले. एका ठिकाणी मला विचारलं, "मॅडम, सोबत कोण आहे? एकट्या लेडीजना आम्ही रूम देत नाही." दुसरीकडे सांगितलं, "सगळं व्यवस्थित आहे, या तुम्ही." सगळं व्यवस्थित आहे हे उत्तर मानायचं नाही, हे मी अनुभवाने शिकले. इंचांत विचारायचं. माझी खुर्ची २५ इंच रुंद आहे. बाथरूमचं दार किती? पुष्कळ ठिकाणी ते २४ इंच असतं आणि त्या एका इंचापायी माणूस दाराबाहेर राहतो. दारात किती पायऱ्या? उतार असेल तर किती लांब? नियम असा, की एक फूट चढायचं तर उतार बारा फूट लांब हवा. कमोडच्या बाजूला खुर्ची लावायला जागा आहे का? तिसऱ्या ठिकाणच्या मुलीने फोन ठेवून, टेप घेऊन, मोजून परत फोन केला. तिला मी तिथल्या तिथे पैसे पाठवले.

आता पाळणे. जगभरच्या बहुतेक उद्यानांत नियम असा असतो, की तिथला कर्मचारी तुम्हाला उचलणार नाही. खुर्चीतून आसनावर तुम्ही स्वतः सरकायचं किंवा तुमच्या माणसाने सरकवायचं. शिवाय खेळ मध्येच बंद पडला तर जिन्याने खाली उतरता आलं पाहिजे असाही आग्रह असतो. यातला सुरक्षेचा भाग मी समजू शकते. म्हणून मी पाळण्यांची यादी काढून तीन भाग केले. 'नायट्रो' नावाच्या मोठ्या गाडीला पायाखाली तळच नाही, पाय मोकळे लोंबतात. माझे पाय माझं ऐकत नाहीत, ते वाऱ्यावर कुठेही आपटतील. ते नको. 'राजासॉरस' ही पाण्यातली होडी. ओली उशी घेऊन दिवसभर बसलं तर संवेदना नसलेल्या कातडीला जखम होते आणि ती भरायला महिने लागतात. ती शेवटी, परतायच्या आधी, कोरडे कपडे आणि दुसरी उशी जवळ असेल तरच. 'मिस्टर इंडिया' आणि 'आय फॉर इंडिया' यांत आसनावर बसून पडद्यासमोर हलायचं, उडायचं असतं. तिथे मला सरकता येईल असं वाटतं. फोनवर विचारलंच आहे, पण प्रत्येक ठिकाणी आधी बाजूने बघेन, मग ठरवेन. जवळ सरकायची गुळगुळीत फळी ठेवणार आहे. आपल्या गावातल्या सुताराने ती करून दिली. चाकांच्या ट्यूब आणि पंक्चरचं सामान सायकलवाल्या दादांनी दिलं, चाक काढायलाही शिकवलं.

दिवस आठवड्याच्या मधला घेतला आहे, गर्दी कमी म्हणून. पावसाळा टाळला, कारण खोपोलीचा पाऊस म्हणजे ओल्या फरशीवर चाकं घसरणार. उन्हाळा टाळला, कारण कण्याला मार लागलेल्याला घाम नीट येत नाही आणि अंग तापतं.

कुणी म्हणेल, एवढा खटाटोप करावा लागतो तर ते ठिकाण तुमच्यासाठी नाहीच. अमेरिकेत टेक्सास राज्यातल्या सॅन अँटोनिओ शहरात २०१० साली मॉर्गन्स वंडरलँड नावाचं उद्यान सुरू झालं. गॉर्डन हार्टमन नावाच्या बापाने आपल्या अपंग मुलीच्या नावाने ते उभारलं. तिथल्या गोल फिरणाऱ्या घोड्यांच्या चक्रावर खुर्चीसकट चढता येतं. झोका खुर्चीसकट झुलतो. २०१७ मध्ये शेजारी पाण्याचं उद्यान झालं, तर तिथं पाण्यात चालणाऱ्या, हवेच्या दाबावर चालणाऱ्या खुर्च्या ठेवल्या. अपंगांना प्रवेश फुकट. आणि तिथं धडधाकट मुलंही तितक्याच आनंदाने खेळतात. म्हणजे अडचण पायांत नसते, ठिकाण बांधणाऱ्याने कुणाला डोळ्यांसमोर ठेवलं यात असते.

आपला कायदाही तेच सांगतो. १९९५ साली अपंगांसाठी पहिला कायदा झाला. २००७ साली भारताने संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क कराराला मान्यता दिली. त्यात अपंग स्त्रियांसाठी स्वतंत्र कलम आहे आणि करमणुकीसाठीही आहे. त्यावर आधारित २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आला. त्याच्या २९ व्या कलमात सांस्कृतिक जीवन आणि मनोरंजन यांत इतरांच्या बरोबरीने भाग घेण्याचा हक्क आहे, त्यात साहसी उपक्रमांचाही उल्लेख आहे. ४६ वं कलम सांगतं, की सेवा देणारा सरकारी असो की खाजगी, त्याने ती सुगम करायची. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी यांच्या खटल्यात निकाल दिला, की सुगमतेचे नियम नुसते शिफारशीवजा ठेवून चालणार नाही, ते बंधनकारक करा. म्हणजे मी मौज मागते तेव्हा मेहेरबानी मागत नाही. अपंग शब्दाचा दिव्यांग झाला, चांगलं झालं असेल. पण शब्द बदलून पायरी खाली येत नाही.

आई घाबरली आहे, हे तुम्हाला सांगायला हवं. ती म्हणाली, "पडलीस तर?" मी म्हटलं, "आई, घरातही मी दोनदा पडले आहे, मोरीत." त्यावर ती काही बोलली नाही. दोन दिवसांनी म्हणाली, "रोज रात्री फोन कर, आन् फोटो पाठव." ही तिची परवानगी आहे असं मी धरते. खरं तर मला परवानगी नको होती, पण तिचं भय हलकं व्हायला हवं होतं. एकटी जाणाऱ्या मुलीचं ओझं आईच्याच मनावर येतं. आपल्या चळवळीने हेही विसरू नये.

माझी कल्पना ऐकून याच गावातल्या एका बाईने मला एकच प्रश्न विचारला. तिचं नाव सांगत नाही. ती पंचेचाळिशीची आहे, पोलिओ झालेली. देऊळ सोडून गेल्या कित्येक वर्षांत ती कुठे गेलेली नाही. तिने कशाला विचारलं नाही, कुणासोबत विचारलं नाही. ती म्हणाली, "तिथं खुर्ची चालती का गं?" मी जाणार आहे ते माझ्या हौसेसाठी. पण दारांची मापं, उतार, संडास, कोणत्या पाळण्यात सरकता आलं आणि कोणत्यात नाही, हे सगळं लिहून आणणार आहे ते तिच्यासाठी.

शेवटी तुमच्याकडे तीन मागण्या. पहिली, ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. पुढच्या ग्रामसभेत त्याचा हिशेब विचारा. त्याआधी आपण दहाजणी मिळून टेप घेऊन गावात फिरू. शाळा, देऊळ, दवाखाना, बँक, कुठे किती पायऱ्या, कुठे उतार, दारं किती इंच, हे मोजून तो कागद सभेत ठेवू. दुसरी, तुमच्या बचत गटाची सहल निघते तेव्हा गटातल्या अपंग बाईला 'तुला झेपायचं नाही' म्हणून घरी ठेवू नका. गाडी ठरवतानाच तिला विचारा. आणि तिसरी मागणी सगळ्यांत सोपी आहे. तुमच्या घरात, शेजारी अशी एखादी मुलगी असेल. तिला आपण नेहमी विचारतो, तुला काय हवं-नको? आज घरी गेल्यावर तिला विचारा, तुला कुठं जायचंय? तिने उत्तर द्यायला वेळ लावला तर थांबा. हा प्रश्न तिला आजवर कुणी विचारलेला नसेल.

फोनवर विचारायच्या प्रश्नांची यादी मी हाताने लिहून आणली आहे. तिच्या प्रती या टेबलावर ठेवते. ज्यांना हव्यात त्यांनी घेऊन जा आणि तुम्हाला सुचतील ते प्रश्न त्यात भर घाला.